वाचकांचे प्रश्न : लगद्याची रेघ वर गेली, पण कशामुळे?

गेल्या अंकात मी वह्यांच्या वाढत्या किमतींबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत कागदाचेच प्रश्न जास्त होते. त्यातली चार पत्रं इथे घेते आहे. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण तो प्रश्न तसाच आहे.

प्रश्न : ताई, मी एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘भारत आणि चीन यांची लाकडाच्या लगद्याची आयात : २००० ते २०२३’ हा विषय घेतलाय. आलेख काढला तर चीनची रेघ सारखी चढत जाते आणि भारताची तळाशीच राहते. त्यावरून मी लिहिलं की चीन कागदासाठी जगातली जंगलं संपवतो आहे आणि भारत मात्र स्वावलंबी आहे. सर म्हणाले, “निष्कर्ष घाईचा आहे.” नेमकं काय चुकलं ते मात्र कळलं नाही. तुम्ही सांगाल का?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : तू पाठवलेला आलेख नीट पाहिला. आकडे उतरवून घेण्यात कुठे चूक नाही. अडचण आहे ती एका रेघेवरून सगळ्या कागदाचा हिशेब मांडण्यात. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका बॉक्स कारखान्याची खरेदी बरीच वर्षं सांभाळली. तिथे रोज दिसायचं की कागदाचा तंतू देशात एका वाटेने येत नाही. तो लाकडाच्या चिप्स म्हणून येतो, लगदा म्हणून येतो, रद्दी म्हणून येतो, तयार कागदाचे रोल म्हणून येतो, आणि परदेशी मिक्सरभोवतीचा खोका म्हणूनही येतो. वाड्याला पाच दारं असताना तू एका दाराशी बसून पाहुणे मोजलेस. त्या दारापुरती मोजणी बरोबर आहे, पण त्यावरून पंगतीला किती जण बसले ते सांगता येणार नाही.

आधी चीनकडे बघ. २००० साली चीनची लगद्याची आयात होती साधारण ३३ लाख टन. २००८ मध्ये ती ९५ लाख टनांवर गेली, २०१८ मध्ये जवळजवळ अडीच कोटी टन झाली आणि २०२३ मध्ये साडेतीन कोटी टनांच्याही वर. ही तुझी चढती रेघ. आता त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने चीनच्या रद्दीच्या आयातीची रेघ काढ. २०१२ च्या सुमारास ती ३ कोटी टनांपर्यंत पोचली होती. अमेरिका आणि युरोपातले वापरलेले खोके, वर्तमानपत्रं, ऑफिसांतला कागद, सगळं जहाजांनी चीनला जायचं. चीनचा तयार माल पोचवून रिकामे परतणारे कंटेनर या रद्दीने भरून नेणं स्वस्त पडायचं.

मग जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की काही प्रकारचा कचरा आम्ही वर्षाअखेरीपासून घेणार नाही. त्या यादीत न निवडलेली मिश्र रद्दी होती. मार्च २०१८ पासून उरलेल्या रद्दीलाही अट लागली : तिच्यात परकी घाण अर्धा टक्क्यापेक्षा जास्त चालणार नाही. रद्दीच्या गठ्ठ्यात प्लास्टिक, तारा, खरकटं असतंच. अर्धा टक्का गाठणं बहुतेक पाठवणाऱ्यांना जमण्यासारखं नव्हतं. शेवटी १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच बंद झाली, आणि रद्दीही त्यातच गेली.

आता बेरीज करून बघू. २०१७ मध्ये चीनने लगदा आणला सुमारे २ कोटी ३७ लाख टन आणि रद्दी सुमारे २ कोटी ५७ लाख टन. दोन्ही मिळून ४ कोटी ९४ लाख टन. २०२० मध्ये लगदा ३ कोटी ६ लाख टन आणि रद्दी ६९ लाख टन, म्हणजे मिळून ३ कोटी ७५ लाख टन. तीन वर्षांत लगद्याची रेघ २९ टक्के वर गेली आणि दोन्हींची बेरीज जवळजवळ चौथ्या हिश्शाने खाली आली. तुझ्या आलेखात या काळात चीनची भूक वाढलेली दिसते. प्रत्यक्षात या दोन दारांनी आत आलेला माल कमी झाला होता. हे एवढं जरी तू प्रकल्पात मांडलंस तरी सरांना उत्तर मिळेल.

मग राहिलेली गरज कशी भागली? चीनने आपल्या शहरांतली रद्दी जास्त गोळा केली. व्हिएतनाम आणि ऑस्ट्रेलियाहून चिप्स आणून स्वतःच्या कारखान्यांत लगदा शिजवायला घेतला. बाहेरून क्राफ्ट कागदाचे, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी मजबूत कागदाचे, तयार रोल मागवले. शिवाय मलेशियासारख्या देशांत रद्दीपासून लगदा करून तोच लगदा चीनमध्ये न्यायची सोय झाली. हा शेवटचा प्रकार तुझ्या आकड्यांत लपलेला आहे. चीनच्या सीमाशुल्क खात्याचा ‘लगदा’ म्हणून जो ठोक आकडा छापला जातो, त्यात एचएस कोड (व्यापारातल्या मालाचे जगभर वापरले जाणारे क्रमांक) ४७०१ पासून ४७०६ पर्यंतचं सगळं धरलेलं असतं. ४७०६ मध्ये रद्दीपासून केलेला लगदा मोडतो. म्हणजे काल रद्दी म्हणून जे यायचं, त्यातलं काही आता लगदा म्हणून येतं. झाड तेच, वापर तोच, फक्त नोंदवहीतला रकाना बदलला. भारताचा आकडा घेताना तू फक्त ४७०३ घेतला आहेस, म्हणजे सल्फेट पद्धतीचा रासायनिक लगदा. एका देशाचा पूर्ण रकाना आणि दुसऱ्याचा एकच उपरकाना अशी तुलना उभी राहत नाही. हे आधी दुरुस्त कर.

दुसरं असं, की ४७०२ वेगळं काढ. हा विरघळणारा लगदा, आणि त्याचा कागद होत नाही. त्याचं व्हिस्कोस होतं, म्हणजे रेयॉन. मेन रोडवरच्या दुकानांत ‘रेयॉन’ लिहिलेला जो झुळझुळीत कुर्ता मिळतो तो लाकडाचा कुर्ता आहे. व्हिस्कोस करण्यात चीन जगात सर्वांत पुढे आणि भारतही मोठा. आपल्या एका मोठ्या उद्योगसमूहाने तर या लगद्यासाठी कॅनडात आणि स्वीडनमध्ये कारखानेच घेतले आहेत. कापडाचा लगदा कागदाच्या हिशेबात राहिला तर दोन्ही देशांच्या आकड्यांचा अर्थ बिघडतो. २०१४ मध्ये चीनने अमेरिका, कॅनडा आणि ब्राझीलच्या अशा लगद्यावर अँटी-डम्पिंग शुल्क लावलं, म्हणजे फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरचं जादा शुल्क. आलेखात कापडाचा लगदा मिसळलेला असेल तर त्या सुमाराचे चढउतार तू कागदाच्या मागणीत शोधत बसशील.

चीनची रेघ मुळात का चढली, हेही लिही. ते कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि विद्यार्थी तेच सोडून देतात. चीनमध्ये एके काळी गव्हाच्या आणि भाताच्या काडापासून पुष्कळ कागद व्हायचा. गावोगावी छोट्या गिरण्या होत्या, आणि त्यांचं काळं सांडपाणी सरळ नदीत जायचं. ह्वाई नदीची दुर्दशा झाल्यावर १९९६ मध्ये सरकारने अशा लहान गिरण्या मोठ्या प्रमाणावर बंद करायला लावल्या. १९९८ मध्ये यांगत्से नदीला भीषण पूर आला. वरच्या खोऱ्यातली जंगलतोड हे त्याचं एक कारण मानलं गेलं आणि नैसर्गिक जंगलातल्या तोडीवर बंदी यायला सुरुवात झाली. घरचं काड गेलं, घरचं लाकूड गेलं, आणि नेमकं त्याच वेळी, डिसेंबर २००१ मध्ये, चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला. नवीन, प्रचंड यंत्रं उभी राहिली. त्यांना कच्चा माल बाहेरूनच आणावा लागणार होता. नदी आणि जंगल वाचवायचा निर्णय एका देशात झाला आणि त्यासाठी झाडं दुसऱ्या देशांत लागली. तुझ्या आलेखातल्या चढाची सुरुवात तिथे आहे.

ती झाडं कोणती? ‘जंगलं संपवतो’ हे वाक्य इथे तपासावं लागतं. चीनला जाणारा आखूड तंतूचा लगदा मोठ्या प्रमाणात ब्राझीलमधून येतो. तो लावलेल्या निलगिरीचा असतो आणि सहा-सात वर्षांत तोडीला येतो. लांब तंतूचा लगदा कॅनडा, उत्तर युरोप, अमेरिका, चिली इथल्या सूचीपर्णी झाडांचा. इंडोनेशियात सुमात्रा बेटावरची नैसर्गिक जंगलं आणि पाणथळ जमिनी लगद्याच्या लागवडीसाठी साफ झाल्या, आणि तो विनाश खरा आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण टनाचा आकडा हे काहीच सांगत नाही. एक टन लगदा सुमात्रातला की ब्राझीलमधल्या जुन्या लागवडीतला, हे कळायला कोणत्या देशाकडून किती आला याची विगतवारी हवी. ती काढ, आणि मगच जंगलाविषयी वाक्य लिही. तेवढा वेळ नसेल तर जंगलाचा उल्लेखच काढून टाक.

आता भारत. तळाशी पडलेली रेघ बघून तू ‘स्वावलंबी’ म्हणालीस. आपल्या गिरण्यांत होणाऱ्या कागदापैकी ७० टक्क्यांच्या वर कागद रद्दीपासून होतो, आणि त्या रद्दीतला मोठा वाटा अमेरिका, युरोप आणि आखातातून जहाजाने येतो. चीनने दार लावल्यावर तिथली रद्दी आपल्याकडे आणि आग्नेय आशियाकडे वळली. ४७०७ हा रद्दीचा कोड घेऊन भारताची रेघ काढ, ती काही तळाशी राहणार नाही. शिवाय इंडोनेशियासारख्या देशांतून तयार कागद येतो. आसियान देशांशी असलेल्या करारामुळे त्याला शुल्काची मोठी सवलत मिळते. तो कागद लाकडाचाच असतो, पण लगद्याच्या रकान्यात त्याची नोंद होत नाही.

तरी आपली लगद्याची आयात कमी राहण्यामागे एक चांगली गोष्टही आहे, ती मनापासून सांगते. पूर्वी आपल्या गिरण्या सरकारी जंगलावर जगायच्या. बल्लारपूरची गिरणी बांबूवर चालली. नाशिकरोडहून खांडव्याकडे रेल्वेने जाताना बऱ्हाणपूर सोडलं की नेपानगर लागतं. तिथला वर्तमानपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना, ज्याचं लोकार्पण १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी केलं, तो सलई आणि बांबूच्या बळावर उभा राहिला. पुढे तोही रद्दीवर आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना सांगितलं की तुमचं लाकूड शेतकऱ्यांबरोबर उभं करा, सवलतीत जंगल मिळणार नाही. मग गिरण्यांनी सुबाभूळ, निलगिरी आणि सुरूची रोपं शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. आंध्र, तेलंगणा आणि तमिळनाडूत हजारो शेतकऱ्यांच्या बांधावर आणि पडीक रानात आज आपल्या वहीचा कागद उभा आहे. हे श्रेय जरूर लिही. मात्र या झाडांचा तंतू आखूड, साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. कागद फाटू नये म्हणून त्यात तीन मिलिमीटरच्या आसपासचा लांब तंतू मिसळावा लागतो. तो देणारी सूचीपर्णी झाडं आपल्याकडे हिमालयात आहेत आणि ती कागदासाठी तोडायची नाहीत. म्हणून लांब तंतूचा लगदा आपण आणतच राहणार.

दरडोई वापरही बघ. आपल्याकडे माणशी वर्षाला १५ किलोच्या आसपास कागद लागतो. चीनमध्ये त्याच्या कितीतरी पट. लोकसंख्या मात्र आता आपली जास्त. आपली रेघ खाली आहे याचं मोठं कारण आपण अजून कागद कमी वापरतो हेच आहे, आणि त्यात अजून वह्या न मिळालेली मुलंही आहेत. आणि चीनमध्ये जाणारा सगळा लगदा चिनी माणूस वापरत नाही. जगभर जाणाऱ्या चिनी मालाभोवतीचे खोके तिथेच बनतात. ते आपल्याही घरी येतात.

मांडणीबद्दल थोडं. भारताची आकडेवारी एप्रिल ते मार्च अशी असते, चीनची जानेवारी ते डिसेंबर. भारताचे मासिक आकडे घेऊन त्यांचं कॅलेंडर वर्ष करून घे. तुलना टनात कर, रुपयात नको. २००० मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८२ च्या. लगदा तेवढाच आला असता तरी रुपयांतली रेघ वर चढली असती. आधारवर्ष जपून निवड. २००८ च्या मंदीनंतर लगदा स्वस्त झाला तेव्हा चीनने २००९ मध्ये १ कोटी ३७ लाख टन उचलला आणि २०१० मध्ये तोच आकडा १ कोटी १४ लाखांवर आला. २००९ पासून मोजलंस तर वाढ मंद दिसेल, २०१० पासून मोजलंस तर वेगवान. कोणी एकच वर्ष पकडून टक्के सांगत असेल तर ते वर्ष का निवडलं ते आधी विचारायचं. तीन-तीन वर्षांची सरासरी घे, हे सगळ्यात बरं. आणि दोन्ही रेघा एकाच अक्षावर काढशील तर भारताचे चढउतार दिसणारच नाहीत; २००० ते २००२ ची सरासरी १०० धरून दोन्हींचे निर्देशांक वेगळ्या आलेखात काढ.

एक आडवाटेचा मुद्दा. जपानचाही आकडा जोड. तिथे लगदा तुलनेने कमी येतो, पण चिप्स जहाजं भरभरून येतात आणि लगदा तिथल्याच गिरण्यांत शिजतो. रासायनिक पद्धतीने लगदा करताना कोरड्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन उरतं. म्हणजे चिप्स आणणारा देश तेवढ्याच कागदासाठी दुप्पट वजन उतरवून घेतो आणि तरी लगद्याच्या तक्त्यात निर्दोष दिसतो. तुझ्या पद्धतीने काढलं तर जपानही स्वावलंबी ठरेल. परीक्षकांसमोर हे एक उदाहरण पुरेल.

प्रश्न : ताई, आमची पिंपळगाव परिसरात द्राक्षबाग आहे, निर्यातीचा माल असतो. २०२१ च्या हंगामात बॉक्सचे दर अचानक चढले. बॉक्सवाला म्हणाला, “चीनमुळे.” आमचा माल तर युरोपला जातो, मग चीनचा काय संबंध? की नुसती सबब होती?
— द्राक्ष उत्पादक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, सबब नव्हती. वर विद्यार्थिनीला जे सांगितलं त्याचंच हे पुढचं पान आहे, आणि ते आपल्या नाशिक जिल्ह्यात उघडलं.

आपले खोके क्राफ्ट कागदाचे. तो कागद वापी आणि आसपासच्या गिरण्यांत प्रामुख्याने रद्दीपासून होतो. चीनने रद्दी घेणं बंद केलं तरी त्यांच्या बॉक्स कारखान्यांना तंतू हवाच होता. रद्दी नको, पण रद्दीपासून केलेला कागद चालेल. म्हणून २०२० मध्ये भारतातल्या कित्येक गिरण्यांना चीनकडून क्राफ्टच्या रोलच्या मागण्या यायला लागल्या. आपल्याकडचा कागद जहाजावर चढला. त्याच वेळी कोरोनामुळे अमेरिका-युरोपातली दुकानं, शाळा, ऑफिसं बंद, म्हणून तिकडून येणारी रद्दी आटली. कंटेनर मिळेनात, भाडं चढलं. तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या आणि डिसेंबरपासून क्राफ्टचे दर वर गेले. तुमची पॅकिंगची घाई जानेवारी ते एप्रिल. त्या दिवसांत बॉक्स उद्योग देशभर ओरडत होता की क्राफ्टच्या निर्यातीला आवर घाला. लहान बॉक्सवाल्याने आदल्या दराने घेतलेली ऑर्डर नव्या दराच्या कागदावर पुरी केली तर तो बुडणार होता. तुम्हालाही ठरलेल्या भावात माल पाठवायचा होता. मधल्या दोघांचंही मरण झालं आणि त्यात दोघांचाही दोष नव्हता.

निर्यातीच्या पाच किलोच्या खोक्याचा आणखी एक भाग आहे. तो प्री-कूलिंगमध्ये, म्हणजे माल आधी थंड करून घ्यायच्या खोलीत जातो, मग शून्य अंशाच्या आसपास तापमानाच्या कंटेनरमध्ये तीन-चार आठवडे दमट हवेत उभा राहतो. रद्दीचा तंतू वारंवार शिजून आखूड झालेला असतो. तो ओल धरतो आणि खालच्या थरातला खोका बसतो. म्हणून चांगले बॉक्सवाले बाहेरच्या थराला परदेशी, ताज्या लाकडाच्या लगद्याचा क्राफ्ट लावतात. त्या थराचा दर लगद्याच्या जागतिक बाजारावर चालतो, आतल्या थरांचा रद्दीच्या बाजारावर. २०२१ मध्ये दोन्ही बाजार एकदम तापले.

तुम्हाला एवढंच सांगेन. दर घेताना नुसता ‘बॉक्स कितीला’ विचारू नका. किती प्लाय (थर), प्रत्येक थराचा जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) किती, बीएफ (कागद फुटेपर्यंत दाब सोसण्याची ताकद) किती, आणि बाहेरचा थर ताज्या लगद्याचा की रद्दीचा, हे कोटेशनवर लिहून घ्या. आलेल्या मालातून चार खोके उचलून वजन करा. दर चढतात तेव्हा काही जण जीएसएम उतरवून दर जुनाच ठेवतात, आणि रॉटरडॅमला खोके चेपलेले निघाले की त्या स्वस्ताईची किंमत तुम्ही भरता. शक्य असेल तर ऑक्टोबरातच निम्म्या मालाचा दर बांधून घ्या. चार-पाच बागाईतदारांनी मिळून ऑर्डर दिली तर बॉक्सवालाही कागद आधी उचलून ठेवतो.

प्रश्न : नाशिकरोडच्या प्रेसमध्ये इतक्या नोटा छापल्या जातात. त्यासाठी किती परदेशी लगदा लागत असेल? नातवाने विचारलं, मला सांगता आलं नाही.
— एक आजोबा, जेलरोड

उत्तर : काका, नातवाला सांगा की नोटेत लाकूड नसतं. आपल्या नोटेचा कागद कापसाच्या तंतूचा असतो. म्हणून ती घामात भिजते, खिशात धुतली जाते, तरी विरघळत नाही. लाकडाच्या लगद्याच्या वर्तमानपत्राचं पान एकदा खिशात धुऊन बघा म्हणजे फरक कळेल. करन्सी नोट प्रेस १९२८ मध्ये सुरू झाली आणि पहिली छापली ती पाच रुपयांची नोट. पण तिथे छपाई होते, कागद होत नाही. नोटेचा कागद पूर्वी परदेशातून यायचा. पुढे होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, सरकारी सिक्युरिटी पेपर मिल उभी राहिली, आणि गेल्या दशकात म्हैसूरलाही नोटेच्या कागदाचा कारखाना सुरू झाला. नातू मोठ्या वर्गात असेल तर हेही सांगा की कापसाच्या आखूड तंतूचा लगदा व्यापाराच्या आकडेवारीत त्याच ४७०६ क्रमांकाखाली येतो ज्यात रद्दीचा लगदा आहे. वरच्या विद्यार्थिनीलाही हे लागू.

प्रश्न : आमच्या शाळेत दरवर्षी मुलांच्या जुन्या वह्या गोळा करून विकतो. काही पालक म्हणतात, “आपल्या चार गोण्यांनी देशाची आयात थोडीच कमी होते?” खरंच काही उपयोग होतो का?
— शिक्षिका, देवळाली कॅम्प

उत्तर : होतो. गिरणीला देशातली स्वच्छ रद्दी मिळाली तर ती परदेशातला तेवढा गठ्ठा मागवत नाही, कारण परदेशी रद्दीला जहाजभाडं, डॉलर आणि मुंबईजवळच्या जेएनपीए बंदरापासूनची वाहतूक लागते. आपली खरी अडचण गोळा करण्यात आहे. आपल्याकडे वर्तमानपत्राचा दुसरा जन्म भेळेच्या पुडीत होतो आणि तिसरा कचराकुंडीत. तेल लागलेला, ओला, चिखल लागलेला कागद गिरणीच्या कामाचा राहत नाही. तंतू तसाही पाच-सात वेळा शिजला की थकतो, म्हणून प्रत्येक फेरी वाया न घालवणं महत्त्वाचं. तुमच्या वह्यांचा कागद तर उत्तम. तो पांढरा, लाकडाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या लगद्याचा, फारशी शाई नसलेला. गिरणीत त्याला वर्तमानपत्रापेक्षा मान आहे.

तुमच्या शाळेत एवढं करा. वह्यांची पुठ्ठ्याची वेष्टनं, प्लास्टिकची कव्हरं आणि पिना मुलांकडून आधीच काढून घ्या. मोठ्या मुलांना एका तासिकेत हे सहज होतं. पांढरी पानं एका गठ्ठ्यात, पुठ्ठे दुसऱ्यात, गुळगुळीत छापील मासिकं तिसऱ्यात. गठ्ठे पावसाळ्यापूर्वी विका, कारण जूनमध्ये व्हरांड्यात ठेवलेली रद्दी ओल धरते आणि घेणारा वजन कापतो. भद्रकाली किंवा पंचवटीतल्या एकाच रद्दीवाल्याला न विचारता दोन-तीन जणांकडून पांढऱ्या कागदाचा वेगळा दर मागा; मिश्र रद्दीपेक्षा तो चांगला मिळतो. आणि कोऱ्या राहिलेल्या पानांच्या वह्या विकायच्या आधी बाजूला काढा. त्या पानांच्या शिवलेल्या वह्या जून महिन्यात पहिलीच्या मुलांना लागतात.